नसलेला खिळा

लाकडात खिळा होता, असं माझा नवरा गेले पाच आठवडे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय. शेजारी भेटायला आले, त्यांना सांगितलं. ऑफिसातले लोक सफरचंदं घेऊन आले, त्यांना सांगितलं. बहिणीला फोनवर तर इतकं रंगवून सांगितलं की खिळा केवढा होता, किती गंजला होता, तेही त्यात आलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत ते ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खिळा नव्हता. मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

मी निशा. नवरा अभय, विमा कंपनीत आहे. सिडकोतल्या आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं त्यानं तीन वर्षांपूर्वी सुतारकाम मांडलं. व्हिडिओ बघून आधी स्टूल केलं, मग पुस्तकांचं कपाट केलं, चांगलं केलं, खोटं का बोला. पण मग त्याला नाद लागला तो वस्तूंपेक्षा वस्तू बनवायची साधनं बनवण्याचा. गोल कापायची पट्टी, तिरपं कापायचा साचा, सारख्या अंतरावर भोकं पाडायचा ठोकळा. शेडच्या भिंती असल्या साधनांनी भरून गेल्या आणि मुलीचं अभ्यासाचं टेबल दोन वर्षं पायांविना भिंतीला टेकवून ठेवलेलं. याला जिग म्हणतात बरं का, असं तो मला समजावून सांगायचा. मला!

मी आयटीआयला टूल अँड डायचा कोर्स केलाय. वाळूजच्या एका कारखान्यात सहा वर्षं मी जिग आणि फिक्स्चर, म्हणजे असले साचेच बनवत होते, मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. लग्नाला बारा वर्षं झाली. तू तिथं नेमकं काय करायचीस, हे या माणसानं एकदाही विचारलेलं नाही.

आमच्या विभागात सांडू मेस्त्री होते. ते म्हणायचे, साचा बनवताना समोरचा माणूस झोपेत आहे असं धरून चालायचं. त्याला भूक लागलीय, घरी भांडण झालंय, लक्ष घड्याळाकडे आहे, तरीही त्याचा हात वाचला पाहिजे. माणसाच्या हुशारीवर ज्याची मदार आहे असा साचा त्यांनी आमच्यासमोर भंगारात फेकलेला मी पाहिलाय. बनवणारा शेजारीच उभा होता, तरी फेकला.

जानेवारीत अभयनं स्लेड बनवली. स्लेड म्हणजे प्लायवूडची पाटी, कापायच्या मशीनच्या टेबलावर पुढं-मागं सरकणारी. लाकूड पाटीवर ठेवायचं, तिच्या मागच्या पट्टीला टेकवायचं आणि पाटीसकट फिरत्या पात्यावर ढकलायचं. काप एकदम काटकोनात येतो. दोन मित्रांना त्यानं ती बघायला मुद्दाम बोलावलं होतं, मलाही हाक मारली. मी एकदा बघितलं आणि चूक लगेच दिसली. ढकलायची मूठ त्यानं मागच्या पट्टीला बरोबर मधोमध लावली होती, म्हणजे पात्याच्याच रेषेत. लाकूड कापून झालं की पातं ती पट्टी चिरून मागं बाहेर येणार, आणि तिथंच याची बोटं.

मी म्हणाले, मूठ बाजूला घे, आणि पातं बाहेर येतं तिथं जाड ठोकळा लाव. तो हसला. मित्रांकडे बघून म्हणाला की हिचं सगळं लोखंडातलं ज्ञान आहे, लाकडाला एवढं लागत नाही, आणि मी काय आंधळा आहे का हात तिथवर न्यायला. मित्रही हसले. मी आत निघून आले.

मार्चमध्ये अभयच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पहिल्या पेरापासून. टेबलाचा पाय कापत होता, खिशातला फोन वाजला, याचं लक्ष गेलं आणि हात ढकलत राहिला. हे त्यानंच मला सांगितलं, रिक्षात, दवाखान्यात जाताना, माझी ओढणी हाताला गुंडाळून रडत. दुसऱ्या दिवशी दौलताबादहून सासूबाई आल्या आणि कसं झालं रे म्हणून विचारायला लागल्या, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा खिळा निघाला. आईपुढं लाज वाटत असेल, असं म्हणून मी गप्प बसले. सासूबाई गेल्या. खिळा राहिला.

आता हा खिळा काही आकाशातून पडलेला नव्हता. लाकूड पिशोरच्या कडुबा काकांकडचं होतं. काका सत्तरीचे, माझ्या सासऱ्यांचे दोस्त. पाडलेल्या घरांच्या तुळया, चौकटी विकत घेतात, खिळे उपटून काढतात आणि चिरून विकतात. अशा जुन्या सागात खिळा राहिला तर दोष विकणाऱ्याचा, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. म्हणजे खिळा होता म्हणायचं, म्हणजे काकांनी बोटं कापली म्हणायचं. मी अभयला हे तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, मी त्यांचं नाव कुठं घेतलं? घ्यायची गरजच काय होती? त्याच्याकडे लाकूड कुठून येतं ते सगळ्या गोतावळ्याला ठाऊक. त्या दोन मित्रांपैकी एकानं काकांना फोन करून सांगून टाकलं की मला तुमचा साग नको, तुमच्या खिळ्यानं आमच्या अभयचा हात गेला.

गेल्या रविवारी सकाळच्या एसटीनं काका आले. बरोबर शेवग्याच्या शेंगांची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणीसुद्धा घेईनात. अभयच्या हाताच्या पट्टीकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक वस्तू काढली. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, गोल, त्याला दोरी ओवलेली. हे त्यांचं घरी बनवलेलं हत्यार. लाकडावरून फिरवायचं, आत खिळा असला की ते ओढ घेतं.

"चाळीस वर्सं झाली, समद्या लाकडावरून दोनदा फिरवतो," ते म्हणाले. "तुमच्या बी फिरवलं व्हतं. कसा ऱ्हायला, मला कळंना झालंय."

मग थांबून थांबून त्यांनी सांगितलं की पंधरा दिवस झाले, वखार बंद ठेवलीय. कुणाला लाकूड द्यायला हात धजत नाही. चुंबकाची ओढ आता आपल्या हाताला जाणवत नसेल, वय झालं असेल, असं वाटतं. घरचेही म्हणतात, आता बस करा.

मी अभयकडे बघितलं. आता तरी हा बोलेल, अशी माझी खात्री होती. त्यानं फरशीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या काका. होतं असं कधी कधी."

तो त्यांना माफ करत होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला त्या क्षणी कळली. मी उठले, शेडमध्ये गेले आणि ती स्लेड आणली, बरोबर त्या दिवशी कापलेल्या टेबलाच्या पायाचे दोन तुकडे आणले. टीपॉयवर आपटले. आमच्या कपांतला चहा सांडला, सांडू दे म्हटलं.

काकांना म्हणाले, फिरवा चुंबक. त्यांनी एका तुकड्यावरून फिरवलं, मग दुसऱ्यावरून. कापलेल्या तोंडांवरून फिरवलं. तुकडे उलटे करून पुन्हा सुरुवात केली. चुंबक कुठंही अडकलं नाही. मग मी स्लेड त्यांच्यापुढं सरकवली, मुठीवर माझा हात ठेवला आणि पातं कुठून बाहेर येतं ते बोटानं दाखवलं. मुठीत चीर होती, चिरेत सुकलेलं काळपट रक्त. काकांचा जन्म करवतीशेजारी गेलेला, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पण माझं तोंड काही थांबेना. खिळा कधी नव्हताच, ही वस्तूच चुकीची बनवलीय, मी जानेवारीतच ओळखलं होतं, सगळं सगळं बोलले. अभयसमोर बोलले, त्याच्यासाठीच बोलले.

काकांनी मोठा श्वास सोडला. चुंबक दोरी गुंडाळून खिशात ठेवलं. आता ते अभयवर संतापतील, त्याला फाडून खातील, याची मी वाट बघत होते, अगदी मनापासून बघत होते. ते माझ्याकडे वळले.

"तुला जानेवारीपासून ठावं व्हतं, पोरी," ते म्हणाले. रागानं नाही, खरोखर कळून घ्यायचं म्हणून विचारत होते. "मग मोडून का नाय टाकलं?"

मी काही म्हणायच्या आत अभय बोलला. "तिनं सांगितलं होतं, काका. मीच हसलो."

पाच आठवडे मी या एवढ्या वाक्यासाठी जळत होते. ते आलं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेना, कारण काका अजून माझ्याकडेच बघत होते.

मूठ दोन स्क्रूंवर बसवलेली होती. काढायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. शेडला कुलूप नसतं, अभय आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात असतो. शनिवार-रविवार ते मशीन सुरू झालं की मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. लाकूड कापून संपताना आवाज बदलतो, तो बदलला की माझं लाटणं थांबायचं, आणि मशीन बंद झालं की मी पुढची पोळी घ्यायचे. दोन महिने असं चाललं होतं. मी एकदाही मागच्या दारापर्यंत गेले नाही. ते तिघं हसले होते ना. आता त्यानं येऊन मला विचारावं, त्याशिवाय मी तोंड उघडणार नव्हते.

"एकदाच सांगितलं, काका," मी म्हणाले. "परत नाही सांगितलं. त्याला एकदा लागू दे, मग कळेल, असं वाटायचं मला."

अभयनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलला आणि दुसऱ्या हातानं झाकून छातीशी धरला.