पातूर घाटातला दोन नंबर

थकली मी बाप्पा! कम्प्युटरवरच्या विमानाच्या सिम्युलेटरमंदी जीप बसवणं म्हणजे डोक्याचा भुगा. विमानाले ना क्लच, ना गिअरबॉक्स. समदं मलेच आकड्यांनी लिहा लागते. पण आपला पातूरचा घाट त्याच्यातच खऱ्यासारखा दिसते, म्हणून हा उपद्व्याप.

बाबांपायी. माह्या बाबांनी, खुशालरावांनी, अकोला-वाशीम रस्त्यावर तीस वर्षं सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवली. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, डावा पाय लुळा पडला. तरी रोज एकच धोशा, "मंजुषा, चाबी दे." शेवटी ठरलं, कम्प्युटरवर घाट नीट उतरले तर चाबी त्यांची. मंग दोन महिने मी त्यांच्याच जीपचा गिअरबॉक्स लिहिला. तिचा दोन नंबर, म्हणजे दुसरा गिअर, मोठा हट्टी, क्लच पार तळाले दाबल्याशिवाय पडतच नसे. तोही तसाच्या तसा उतरवला.

आठ दिवस बाबा टेबलाखालच्या पेडलवर पाय ठेवून बसले. रोज त्याच वळणावर पाय अर्ध्यात थांबे, गिअर करकर वाजे, अन् जीप दरीत.

"तुह्या गिअरमंदीच खोट हाये!" ओरडत.

नवव्या दिवशी ओरडलेही नाही, जेवलेही नाही. माह्या जिवाले ते पाहवलं नाही. रात्री गिअरबॉक्सचा एक आकडा बदलला. आता नुसता पाय ठेवला तरी गिअर पडत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा सरसर घाट उतरले. आईनं टाळ्या वाजवल्या. हे काय करून बसली मी! उद्या खऱ्या घाटात खऱ्या सवाऱ्या बसतील यांच्या मागं.

बाबांनी हात पुढं केला. मी खिळ्यावरची चाबी काढली, पण देववेना.

"बाबा, मी ना..."

"मालूम हाये मले," ते म्हणाले. "तीस वर्षांत तो दोन नंबर इतक्या सोप्यानं एकदाही पडला नाही. तुले तो हलका करा लागला, म्हणजे माह्या पायाचं काम संपलं आता."

त्यांनी चाबी घेतली, अंगठ्यानं पुसली अन् परत माह्या मुठीत दाबली. "देऊन टाक जीप कोणाले."

मले रडूच फुटलं. बाबांनी तवर पेडल जवळ ओढलं होतं.

"इथला हलकाच राहू दे, पोरी," ते म्हणाले. "सवाऱ्या पातूरले उतरवायच्या हायेत."