डेसचा लेगब्रेक आणि शेजारचं अंजीर

डेस पार्गेटर साठीला टेकला तेव्हा त्याच्या बायकोने, नोएलीनने, मुलांना हाताशी धरून गुपचूप एक बेत केला. ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो शहरातल्या त्यांच्या घराच्या परसात कृत्रिम गवताची सपाट, देखणी खेळपट्टी टाकून घ्यायची, तीही नाताळच्या आत, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या सामन्यात डेसला तिच्यावर गोलंदाजी करता येईल. वाढदिवसाच्या पाकिटातली चिठ्ठी वाचून डेसच्या तोंडचं पाणी पळालं. नोएलीनला वाटलं, आनंदाने बोलती बंद झाली.

बॉक्सिंग डेला आदल्या दिवशीचं हॅम आणि गार बिअर पोटात गेली की पार्गेटरांच्या परसात सामना होई. कचऱ्याचा चाकवाला डबा हीच यष्टी. चेंडू कुंपणापार गेला तर सहा धावा मिळत आणि मारणारा बादही होई. या सामन्यात नोएलीनचा थोरला भाऊ कीथ गेली बावीस वर्षं डेसच्या लेगब्रेकवर, म्हणजे टप्पा पडताच बाहेर वळणाऱ्या चेंडूवर, बाद होत आला होता. कीथ म्हणजे काही लेचापेचा गडी नव्हता. तरुणपणी तो जिल्ह्याकडून खेळलेला, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. डेसला मात्र शाळेच्या संघानेही कधी पाणी वाहण्यापलीकडे नेलं नव्हतं. जन्मभर त्याने लोकांचे तुंबलेले नळ मोकळे केले. सासरच्या माणसांनी त्याच्याकडे मान वर करून पाहावं असा वर्षातला दिवस एकच, आणि तो त्याला प्राणापलीकडे प्रिय होता.

आता खरं सांगायचं तर चेंडू डेस वळवतच नव्हता. शेजारच्या अंजिराची एक मुळी कुंपणाखालून त्याच्या परसात शिरली होती आणि बरोबर टप्प्याच्या जागी तिने जमिनीला टेंगूळ आणलं होतं. डेस फक्त त्या टेंगळावर चेंडू टाकायचा. मुळी जाडावत गेली तसा त्याचा लेगब्रेकही वाढत गेला, आणि वयाबरोबर माणसाची कला कशी पिकते पाहा, असं कीथची बायको सगळ्यांना सांगू लागली. डेस नम्रपणे मान खाली घालायचा. टेंगूळ तिथेच असे.

गवत टाकायला झोरान आला. मोजूनमापून बोलणारा, लेझर यंत्राच्या लाल ठिपक्यावर देवासारखी श्रद्धा असणारा माणूस. त्याने परस खणलं, मुळी उघडी पाडली आणि करवत मागवली. डेसने त्याला चहा दिला, मग बिस्किटं दिली, आणि मग अंजिरासारख्या जित्या झाडाची मुळी तोडणं बरं नव्हे असा भूतदयेचा विषय काढला. झोरान म्हणाला, झाडाला काही होत नाही, पलीकडे त्याला अशा पन्नास आहेत. शेवटी डेसने सगळं ओकून टाकलं.

झोरानने लेझरचा लाल ठिपका त्या मुळीवर आणला.

"म्हणजे मी मुद्दाम उंचवटा ठेवायचा?"

"एवढासाच. अंडं अर्धं पुरल्याएवढा."

"काका, गावात माझ्या हातची चाळीस अंगणं आहेत. त्यातल्या एकातही गोटी ठेवली तर घरंगळत नाही. उद्या कुणी इथे ठेचकाळला तर नाव माझं घेतील. तुमचं दुःख कळतं मला, पण मी ते नाही करणार."

आणि त्याने मुळी कापली. कुंपणालगत पुन्हा मुळी शिरू नये म्हणून जाड पत्रा पुरला, दगडाची भुकटी पसरली, ती यंत्राने ठोकून ठोकून काचेसारखी केली, वर हिरवंगार गवत ताणलं आणि त्याच्या पात्यांत झाडूने वाळू भरली. नोएलीन अनवाणी चालून पाहत म्हणाली की आता तर डेस कीथला नाचवेल. डेस मोरीत जाऊन उगाच नळ तपासत बसला.

मग त्याने खरोखरीचा लेगब्रेक शिकायचं मनावर घेतलं. तीन आठवडे पहाटे उठून तो चेंडू टाकत होता. मनगट सुजलं. चेंडू मात्र शिस्तीत सरळ जायचा.

बॉक्सिंग डेला परसात माणूस मावेना. कीथ पुढे आला, नवं गवत दाबून पाहिलं, आणि डेसला ऐकू जाईल असं म्हणाला की यंदा त्याने वर्षभर विचार केलाय. डेस धावत आला आणि हातातला चेंडू, होईल ते होवो म्हणून, सोडून दिला. तो कीथच्या पायांच्या बाजूला, डब्याच्या डाव्या कडेच्या रेषेत पडला. कीथ बावीस वर्षांच्या अनुभवानिशी ऐटीत उजवीकडे सरकला आणि वळणाऱ्या चेंडूला बॅट लावली. चेंडू वळलाच नाही. त्याच्या पायांमागून गेला आणि डब्यावर धप्पकन आदळला.

सगळ्यांनी डेसला डोक्यावर घेतलं. सरळ जाणारा चेंडू इतकी वर्षं पोटात ठेवला, याला म्हणतात गोलंदाज, असं खुद्द कीथ सांगत सुटला. नोएलीनचे डोळे भरून आले. आणि डेसला लाज वाटली, इतकी की त्याला ती सोसेना. त्याने कीथला बिअरच्या पेटीपाशी ओढलं आणि मुळीपासून पत्र्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

कीथने कुंपणापलीकडच्या अंजिराकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"झोरानला. गवतवाल्याला."

"मी क्लबात बावीस वर्षं सांगत आलोय, माझ्या मेहुण्यासारखा स्पिनर या जिल्ह्यात झाला नाही. म्हणून तर कुणी मला हसत नाही. आता काय सांगू, मला झाडाने बाद केलं?"

डेसने पेटीतून एक बिअर काढून त्याच्यापुढे धरली.

"तू लेगस्पिनर आहेस, डेस," कीथ दात आवळून म्हणाला. "मरेपर्यंत लेगस्पिनर राहायचं. उद्यापासून सकाळी सहाला मी येतो. मनगट कसं फिरवतात ते शिकवतो तुला."