खटकीवरचा दोरा

सुरंगाच्या सावलीचा डावा हात मी न्याहारीच्या वेळेला कापला. ती भाकरीचं फडकं घेऊन उगवतीकडून बागेत शिरली. ऊन तिच्या पाठीशी होतं, सावली तिच्या पुढे होती, आणि माझ्या गवत कापायच्या कटरचं पातं फिरता फिरता त्या सावलीवरून गेलं. हात खांद्यापासून सुटून गवतात पडला. रक्त वगैरे काही नाही. तिच्या हातातलं फडकं तेवढं खाली पडलं.

बायकोचा हात आपण कापावा याचं मला फार वाईट वाटलं. पण कटर बंद करता येत नव्हता.

आदल्या दिवशी खंडेनवमीला तिनेच त्याची पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि वर लाल दोरा. यंत्र नवं, पेट्रोलवरचं, म्हणून तिनं दोरा अगदी मन लावून गुंडाळला. मुठीभोवती, रेसच्या खटकीवरून, बंद करायच्या बटणावरून, शेवटी पट्ट्याच्या कडीतूनही एक वेढा काढला. पूजेचा दोरा कोजागिरीपर्यंत सोडायचा नाही अशी आमच्याकडे रीत. दसऱ्याला घवाळींच्या आंबाबागेत मुहूर्त करायचा म्हणून सकाळी मी पट्टा खांद्यावर घेतला आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली. खटकी दोऱ्यानं आधीपासून दाबलेलीच होती. पातं एकदम पूर्ण वेगानं फिरू लागलं.

विकणाऱ्यानं सगळं समजावलं होतं. बूट घाला, चष्मा लावा, इंजिन तापलेलं असताना पेट्रोल ओतू नका, माणसाला जवळ येऊ देऊ नका. सावलीला किती लांब ठेवायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं.

सुरंगा वळसा घालून माझ्या मागे आली आणि एका हातानं गाठ ओढू लागली. गाठ दोन हातांची होती. मी खिशातला चाकू काढला, तेव्हा तिनं माझ्या कानाला तोंड लावलं.

"अहो, तोडू नका. पूजेच्या दोऱ्याला लोखंड लागलं तर बांधणाऱ्याचं बरं होत नाही. मी बांधलाय, मीच सोडेन."

मी चाकू फेकून दिला. मग तिनं आपला पडलेला हात शोधून काढला, आंब्याखाली सरळ ठेवला, उडू नये म्हणून वर धोंडा ठेवला, आणि डॉक्टरकडे गेली.

मी गवत कापत राहिलो. दुसरं करणार काय? थांबलो की पातं माझ्या पायांकडे वळायचं. पेट्रोलही संपेना. उलट जितकं कापावं तितकी टाकी भरत होती, आणि बाग लहान होत होती. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुंपणाच्या गडग्याचे दगड पुढे सरकून मधल्या ओळीतल्या कलमांना टेकले होते. त्या वेळी माणसाची सावली त्याच्या पायाखाली मावते. सुरंगा तेव्हा असती तर काळजीच नव्हती.

मालक आबा घवाळी गडग्यापलीकडे छत्री धरून उभे होते. मी त्यांना ओरडून म्हणालो, बाग कमी होतेय.

"होऊ दे," ते म्हणाले. "मुहूर्ताचं काम अर्धं सोडू नये."

तिसऱ्या प्रहरी गावातली माणसं सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात घेऊन गडग्याबाहेरच थांबली, सगळी उगवतीच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या सावल्या माझ्यापासून लांब पडाव्यात. आपल्या गावची माणसं हुशार. डॉक्टरांचा निरोप त्यांनीच सांगितला. डॉक्टरांच्या नळीलाही झेंडूची माळ होती, तरी त्यांनी नीट तपासलं. हात चांगला आहे, सावली तुटली आहे. सूर्य मावळायच्या आत जोडली तर जुळेल. मावळल्यावर जोडायला काही राहणार नाही.

ऊन तांबडं झालं तेव्हा बागेत एकच आंबा उरला होता. मी, तो आंबा आणि त्याच्या मुळाशी तो धोंडा. सुरंगा मावळतीकडून आली. मी मानेनं, डोळ्यांनी, ओरडून सांगितलं की तिकडून नको, वळसा घाल. तिनं ऐकलं असावं, पण मागे सूर्याकडे एकदा बघितलं आणि सरळ चालत राहिली. वळशाला वेळ नव्हता. चालता चालता तिनं उजवा हात डोक्यावर उंच धरला.

त्या हाताची सावली तिच्या बाकी सावलीच्या आधी पोचली. मी पातं वर उचलून धरलं. सावली त्याच्याखालून आली, माझ्या बुटांवरून, गुडघ्यांवरून चढली आणि मुठीवरच्या गाठीला लागली. संध्याकाळी सगळ्याच सावल्या लांबतात. धोंड्याखालचा हातही लांबत लांबत बाहेर आला आणि दुसऱ्या बाजूनं गाठीपाशी आला. दोन्ही हात कामाला लागले. तिची बोटं मी ओळखतो. भाजी निवडताना चालतात तशीच ती चालत होती.

तिच्या सावलीची मान मात्र अजून माझ्या पुढ्यात गवतावर होती, पात्याच्या बरोबर खाली. मी मागे सरकलो तर पाठीला गडगा लागला.

"धरा हां," सुरंगा म्हणाली. इतक्या आवाजातही मला ते ऐकू आलं.

दोऱ्याचा एक वेढा सुटला. मग आणखी एक. माझे खांदे भरून आले होते. सूर्य निम्मा बुडाला, सावली अजून लांबली. शेवटच्या गाठीत तिचं नख शिरलं, आणि माझ्या हातांतलं पातं, अजून फिरतच, खाली येऊ लागलं.