उतारावरचा रूळ

मित्रांनो, मी आयुष्यभर आडवा पडून काम केले. म्हातारपणी मला उभे केले आहे. मी रुळाचा एक तुकडा. प्रवरेकाठी आमच्या शहरात उसाच्या वाघिणींचे, म्हणजे रुळावरच्या मालडब्यांचे, आवार होते, तेथे मी अंथरलेला होतो. हंगामात माझ्यावरून ऊस जाई, उन्हाळ्यात पोरे तोल सांभाळत चालत. पाथर्डीकडची झुंबरबाई तेथे मोळ्या चढवीत असे. एका सकाळी वाघीण सरकली आणि झुंबरबाईचे पाय माझ्यावर चिरडले गेले. मला हलता आले नाही.

पुढे वाघिणी बंद पडल्या, आवारात वेड्या बाभळी माजल्या. गेल्या वर्षी तेथे बाग झाली, पाण्यापर्यंत सुबक उतार बांधला, 'सर्वांसाठी खुला' असा फलक लागला. मात्र उतारावरून मोटारसायकली धावू लागल्या, तेव्हा कंत्राटदाराने माझे तुकडे करून उताराच्या तोंडाशी खांबांसारखे रोवले. अंतर ठरवताना त्याने स्वतःच्या मोटारसायकलीचे हँडल मापले आणि त्याहून बोटभर कमी जागा ठेवली. त्याहून रुंद काही खाली जाईल, हे कुणाच्याच मनात आले नाही.

काल झुंबरबाईच्या भावाचा, बिभीषणाचा दहावा होता. त्याला स्वतःच्या हाताने ओंजळभर पाणी सोडायचे म्हणून ती तीनचाकी सायकलवरून आली आणि आम्हा खांबांपाशी अडकली. तेवढ्यात एका तरुणाने हँडल तिरके करून मोटारसायकल आमच्यामधून सहज काढली.

भाचा रविराज खालून धावत आला. "आत्या, उचलून नेतो."

"मी काय उसाची मोळी हाय? पाटीवर काय लिव्हलंय?"

"भटजी खोळंबल्यात. कावळा बी शिवंना."

"त्यो बी माज्या भावावानी आडमुठा."

 रविराज एकटाच खाली परतला. खाली विष्णुपंत भटजींनी बराच वेळ आभाळाकडे पाहिले. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवविला. झुंबरबाईने ते वरूनच पाहिले. तिची ओंजळ कोरडी होती.

"तेराव्याला येते रं, दादा," ती पाण्याकडे बघून म्हणाली आणि सायकल वळवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मी उलटे मागतो. मला रंग देऊ नका, माझ्यापाशी फोटो काढू नका. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन या आणि मला उपटायला लावा. ती परवा येणार आहे. तेव्हा मी येथे नसावा.