तीन इंच

मशीनने दुसरा बीम सातव्यांदा वर रेटला, तशी गुरुपादप्पाने खुर्ची पुढे ओढली. लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चाचणीसाठी ठेवलेले ते दोन्ही बीम त्यानेच बांधले होते. एक तिथे शिकवणाऱ्या सिंधु मॅडमच्या नकाशाबरहुकूम, दुसरा आपल्या जन्माच्या सवयीने. फरक एवढासाच. सळयांना आवळून धरणाऱ्या चौकोनी रिंगांची टोकं मॅडमच्या बीममध्ये आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली. त्याच्या बीममध्ये काटकोनात सोडलेली, तीन इंच आखूड. टोकाला कोण बघतंय! मॅडमच्या बीमला सकाळी चिरा गेल्या, पण गडी हलला नव्हता.

"आमच्या शाळेनं इतकी वर्षं वजन पेललंय की," तो म्हणाला. "त्र्याण्णवच्या भूकंपात बी चीर न्हाई गेली."

"भूकंप तुमच्या गावापासून लांब होता, अप्पा," मॅडम म्हणाल्या. "वजन दोन्ही बीम पेलतात. वर-खाली हलवत राहिलं की खरं कळतं."

शाळा देवणीकडची, त्याच्या गावची. लातूर जिल्हा नवानवा होता, पावसाने तोंड फिरवलं होतं, तेव्हा तिच्या सळया त्याने बांधल्या. टोकं आत वळव, असं साहेबाने बजावलं होतं. साहेब जीपमध्ये बसला की ह्याचं आपलं काटकोनात सुरू. वाचलेल्या सळईचा त्याने तान्ह्या नीलम्माला पाळणा केला, आणि गावाने केवढं कौतुक केलं होतं! तीच नीलम्मा आता त्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेवर दुसरा मजला चढवायचा होता. कुणी शंका काढली की ती म्हणायची, माझ्या अप्पांनी बांधलीय.

नवव्या फेरीला त्याच्या बीमची खपली धप्पदिशी पडली. दहाव्या फेरीला आतल्या रिंगेची टोकं सुटली आणि सळया बाहेर फुगून आल्या. मॅडमनी मशीन बंद केलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला.

"अप्पा, सोमवारी नारळ तुमच्याच हातानं फोडायचाय. नवा फेटा आणून ठेवलाय."

"मजला चढवू नको, नीलू. आधी लेकरं बाहेर काढ. रिंगा उघड्या हायत. मीच ठिवल्या."

"मंजुरीसाठी चार वर्षं चपला झिजवल्या मी," ती म्हणाली. "हे कुणापुढं बोलायचं न्हाई, अप्पा. माझ्या गळ्याची शपथ हाय."

त्याने फोन खिशात घातला. पोरीला शिकवलं-सवरलं, मोठं केलं. झाकून ठेवायलाही तिला दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं.

मॅडम वहीत लिहीत होत्या: नमुना दोन, प्रचलित पद्धत.

"पद्धत लिवू नका," तो म्हणाला. "गुरुपादप्पा लिवा. अन् खाली शाळेचं नाव, मी सांगतो."

मॅडमनी मान वर केली.

"लवकर लिवा, बाई. पोरीनं शपथ घातलीय."