थोरल्यांच्या गाडीचे दिवे

“पांढरे शुभ्र पाहिजेत. हे पिवळे मिणमिणते काढून टाक,” थोरले म्हणाले आणि एलईडी बल्बांचा खोका त्यांनी तिच्या टेबलावर असा ठेवला, की जणू बक्षीसच देताहेत. “घाटात धुकं उतरलं की फॉगलाइट असून नसल्यासारखे. काही म्हणजे काही दिसत नाही.”

थोरले म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ. गावातल्या सगळ्यात मोठ्या गॅरेजचे मालक. वजनकाट्याजवळच्या तिच्या पत्र्याच्या टपरीत त्यांनी पहिल्यांदाच पाय ठेवला होता, तोही रुमालाने स्टूल झटकून.

“तुमच्याकडे माणसं आहेत की, भाऊजी,” ती म्हणाली.

“आहेत ना. एकाने क्लिप मोडली, दुसरा सुट्टीवर. म्हटलं, आपलं घरचं माणूस आहे, त्यालाच काम देऊ.”

घरचं माणूस! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती हसली आणि बल्बांचा खोका फोडायला लागली.

या घरच्या माणसाला थोरल्यांनी कसं बाहेर काढलं होतं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त खरं कारण कुणाला ठाऊक नव्हतं. गॅरेज दोघा भावांचं. इंजिन थोरल्यांकडे, वायरिंग धाकट्याकडे. नवऱ्याच्या हातात पक्कड देता देता ती स्वतःच वायरिंग शिकली, आणि तो गेल्यावर त्याच्याच टेबलावर बसून काम करायला लागली. मग एका गिऱ्हाइकाची गाडी भर रस्त्यात जळाली. फ्यूज सारखा उडतो म्हणून थोरल्यांनी स्वतःच्या हाताने दुप्पट जाड फ्यूज ठोकला होता. तिने नको नको म्हटलं, वायर पेटेल म्हणून सांगितलं, तरी ठोकला होता. पण गिऱ्हाईक भांडायला आलं तेव्हा ते अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बाईच्या हातची वायरिंग. दुसरं काय होणार?” तेव्हा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि ती निघाली.

त्यानंतर ही टपरी. सुरुवातीला माश्या मारत बसायची वेळ होती. मग एक ट्रकवाला आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि हळूहळू लोक तिला वायरताई म्हणायला लागले. वायरताईने हात लावला की परत यावं लागत नाही, असं म्हणायचे. एवढं एक नाव तिच्यापाशी होतं. बाकी सगळं गॅरेजात राहिलं होतं.

पुढच्या चाकावरचं प्लॅस्टिकचं झाकण सोडवून तिने आत हात घातला. जुने बल्ब निघाले, नवे बसले. या नव्या बल्बांचं एक असतं. त्यांना दोन अंगांनी दोन डोळे असतात. ते डावी-उजवीकडे बघत असले, की उजेड खाली रस्त्यावर नीट पसरतो. पण बल्ब पाव फेरा फिरला, की एक डोळा वर आणि एक खाली. उजेड आभाळात उधळतो, आणि धुक्यात शिरलं की गाडीसमोर पांढरी भिंत उभी राहते. रस्ता कुठे, कठडा कुठे, काही कळत नाही.

बल्बच्या गळ्याशी असलेला बारीक स्क्रू सैल करून तिने दोन्ही बल्ब पाव फेरा फिरवले आणि स्क्रू घट्ट आवळला.

इतकं बरं वाटलं, की मागच्या कित्येक वर्षांत तसं वाटलं नव्हतं. माणूस मरावा असं तिला वाटत नव्हतं. घाबरावा, एवढंच. घाटाच्या वळणावर ब्रेकवर पाय दाबून त्याने घामाघूम व्हावं, आईची आठवण काढावी. निदान स्वतःला तरी ती असंच सांगत होती.

दिवे लावून बघितल्यावर थोरले खूश झाले. “वा! झगझगीत! बघ, मनावर घेतलंस की जमतं तुला.”

“जमतं की,” ती म्हणाली.

पुढचे काही दिवस तिचे फार मजेत गेले. सकाळी दार उघडलं की ती आधी डोंगराकडे बघायची. धुकं दाट असलं, की थोरल्यांचं आज काही खरं नाही, असं म्हणत चहा प्यायची. वायर सोलता सोलता मध्येच हसायची. शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारलंही, “ताई, लॉटरी लागली का?”

मग एका सकाळी क्लासच्या पोरांची व्हॅन चालवणारे काका आले. व्हॅनचा डावा आरसा लोंबत होता, इंडिकेटरचा चुरा झाला होता.

“हे काय, काका?”

“काय सांगू? काल तिन्हीसांजेला पुलाजवळ समोरून तुमच्या दिरांची गाडी आली. असले दिवे, असले दिवे, डोळ्यांपुढे नुसता अंधार! मी घेतली बाजूला, तर थेट खांबाला. पोरं रडायला लागली. त्या टेलरच्या मुलीच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ.” त्यांनी मूठ दाखवली. “थोडक्यात वाचलो. नाहीतर पूल आणि खाली पाणी.”

तिने आरशावरून हात काढला. “पण ते दिवे तर घाटासाठी घेतलेत ना?”

“घाटात कुठला जातोय तो! ऊन वर आल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाही. गावातच मिरवतो दिवे लावून. रोज संध्याकाळी आमचे डोळे फोडतो.” काका पुढे झुकले. “मी त्याला जाब विचारला. तर म्हणतो, काम एक नंबर आहे, वायरताईने केलंय, तिला विचार. म्हणून आलो. आता मलाही तसेच बसवून द्या. अगदी तसेच. उद्या समोरून आला की त्यालाही कळू दे.”

ती स्टुलावर बसली. धुक्याची, घाटाची, घामाची सगळी चित्रं तिने मनात रंगवली होती. समोरून येणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे दिवे लावून देणाऱ्या बाईला एवढं कळू नये? तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतही थोरल्यांचा राग काही कमी होईना.

“तुम्हाला तसे नाही बसवणार, काका.”

“का? त्याला चालतात आणि मला नाही?”

“आरसा नीट करते. ते दिवे कुणालाच नाही चालत,” असं म्हणून तिने व्हॅनचं काम उरकलं, पैसे घेतले नाहीत आणि टपरीला कुलूप लावलं.

गॅरेजच्या अंगणात ती शिरली तेव्हा कामावरची माणसं हातातलं टाकून बघायला लागली. थोरल्यांची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“भाऊजी, दिवे परत बघायचे आहेत. बल्ब फिरलेत, उजेड वर जातोय.”

“फिरलेत म्हणजे?” थोरले उठून आले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे बसवताना चूक झाली तुझी?”

तिने स्क्रूड्रायव्हर काढला.

“ऐकलंत का रे?” त्यांनी सगळ्यांना हाक मारली. “चूक झाली म्हणे! तेव्हा मी सांगत होतो तर वाईट ठरलो. ती गाडी जळाली ती उगाच नाही जळाली.”

कुणीतरी फिसकन हसलं. इतकी वर्षं ती हेच गिळत आली होती. वाईट म्हणा, दुष्ट म्हणा, पण हे नाही.

“चूक नाही झाली,” ती मोठ्याने म्हणाली. “मुद्दाम केलं. तुम्ही घाटात चाचपडावं म्हणून केलं. आणि ती गाडी तुमच्या फ्यूजने जळाली.”

तिला वाटलं, आता तरी. आता हे चिडतील, अंगावर धावून येतील, म्हणजे खरं ते सगळ्यांसमोर येईल.

थोरले हसले. पोट धरून हसले. “मुद्दाम म्हणे! काम येत नाही ते झाकायला मुद्दाम! फ्यूजही माझाच! बरं बाई, मुद्दाम तर मुद्दाम. कर आता नीट.”

आणि माणसं आपापल्या कामाला लागली. एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

ती फरशीवर आडवी झाली. झाकण काढलं, स्क्रू सोडला, बल्ब सरळ केले, स्क्रू आवळला. आधी डावा, मग उजवा. दिवे लावून पाहिले. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला उजेड कापल्यासारखा थांबला होता. वर सगळा काळोख.

थोरल्यांनी मान वाकडी करून पाहिलं. “उजेड कमी केलास की गं.”

“हो,” ती म्हणाली.

दिव्याच्या काचेवर तिच्या बोटांचे डाग उठले होते. तिने ओढणीचं टोक घेतलं, काचेवर फुंकर मारली आणि दोन्ही काचा नीट, कडेपर्यंत पुसल्या.