पोटातला बर्फ

मित्रांनो, तुमच्या घरच्या फ्रीजमध्ये खास वायू भरलेला असतो. मी मात्र तुम्ही श्वासात घेता त्या साध्या हवेवर चालणारे एक जुने शीतयंत्र आहे. कोथरूडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी माझी जागा आहे. आज जे सांगायचे आहे ते सांगताना लाज वाटते, तरी सांगते.

माझे काम सोपे. हवा दाबायची. दाबली की ती तापते, म्हणून पाण्याच्या नळ्यांवरून नेऊन तिला निववायची आणि मग एका चिमुकल्या चक्रातून सोडायची. चक्र फिरवण्यात हवेची ताकद खर्च होते, ती गार पडते आणि माझ्या पोटातल्या पेटीत शिरते. तरुणपणी मी उणे पाच अंशांपर्यंत उतरत असे. मुले पेटीत हात घालून "आई गं" म्हणत आणि मला धन्य वाटे. पुढे चक्राजवळचे रबरी कडे झिजले, हवा गळू लागली. कोणाच्या ते लक्षात आले नाही, कारण मुले मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवून घेत. कागदावर मी तरुणच राहिले.

मग अर्शिया आली. शेवटच्या वर्षाची, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येणारी. दाब वाढवला की माझा गारवा वाढतो, पण एका टप्प्यानंतर मी वीजच जास्त खाते. तो टप्पा तिला प्रकल्पासाठी शोधायचा होता. चार महिने ती झटली, पण मी सात अंशांच्या खाली जाईना. तिने दर वेळी सातच लिहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. विभागप्रमुख अनंत सरांना विभागाच्या अब्रूची धास्ती. सकाळीच त्यांनी प्रयोगशाळेतल्या कोंडीरामला मंडईकडे पिटाळून बर्फ आणवला आणि मीठ चोळून माझ्या पेटीत ठेवायला सांगितले.

"सर, हे बरं हाय का?" कोंडीरामने विचारले.

"बरं-वाईट परीक्षक ठरवतील. तुम्ही झाकण लावा."

परीक्षकांनी माझा तापमानाचा काटा पाहिला. उणे तीन. "वा, या वयातसुद्धा!" ते म्हणाले. खरे सांगू? क्षणभर मला बरे वाटले. त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

मग त्यांनी अर्शियाची वही उघडली. "इथे तर सात लिहिलंय तुम्ही."

"हो सर. चार महिने सातच येतंय."

"मोजताना चुकला असाल. यंत्र कशाला खोटं बोलेल? आत्ताचा आकडा लिहा, मी गुण देतो."

अर्शियाने अनंत सरांकडे पाहिले. सर खिडकीबाहेर पाहू लागले. तिची मान खाली गेली, पण पेन उचलले गेले नाही. "मला सातच आलेत, सर," ती हळूच म्हणाली. तिचे गुण गेले. मी एरवी सारी खोली दणाणून सोडते. त्या वेळी नुसते घरघरत राहिले.

सगळे गेल्यावर तिने माझी पेटी उघडली. आत खारे पाणी होते आणि बर्फाला चिकटून आलेला लाकडाचा भुसा. कोंडीराम दारात ओशाळून उभा होता. तिने फडक्याने पेटी कोरडी केली, साबणाचे पाणी आणून माझ्या सांध्यांवर लावले. चक्रापाशी बुडबुडे आले.

"काका, इथून गळतंय बघा."

दुसऱ्या दिवशी कोंडीरामने नवे कडे आणून बसवले. आता मी उणे दोनपर्यंत जाते आणि तिचा तो टप्पाही तिला सापडला. निकाल लागून गेला होता, गुण काही बदलले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखे एखादे थकलेले यंत्र असेल. त्याला तेल द्या, त्याची गळती शोधा. त्याच्या पोटात बर्फ ठेवून त्याचे कौतुक मात्र करवू नका. अनंत सर हल्ली जाता-येता माझ्या काट्याकडे बघत नाहीत. काट्याशेजारी अर्शियाने एक कागद चिकटवला आहे. त्यावर दोन आकडे आहेत. दुरुस्तीनंतर उणे दोन आणि त्याच्या वर, न खोडलेला, सात.